तहानेची मर्दुमकी : उन्हाळी मैदान आणि प्रेक्षकाच्या तब्येतीचा इतिहास

१/ मिलेटसचा थेलीस हा ग्रीक तत्त्वज्ञानाचा आद्यपुरुष मानला जातो. सर्व सृष्टीचे मूळ पाणी आहे, हा त्याचा प्रसिद्ध सिद्धान्त. त्याच्या मृत्यूची जी कथा चरित्रकार डायोजेनिस लाएर्शियस याने नोंदवली आहे, ती मात्र विलक्षण आहे. म्हातारपणी क्रीडास्पर्धा पाहत असताना ऊन, तहान आणि अशक्तपणा यांनी थेलीस गेला. कथा खरी असो वा रचलेली, ती रचणाऱ्यांना आणि ऐकणाऱ्यांना एक गोष्ट ठाऊक होती : उन्हाळ्यात मैदानाच्या कडेला नुसते बसूनही माणूस मरू शकतो. या थ्रेडचा विषय तो कडेला बसलेला माणूस आहे.

२/ प्रारंभ कांजूरमार्गपासून करू. स्थानकाच्या पूर्वेला, ठाणे खाडीच्या काठाने मिठागरांची जमीन पसरली आहे. मेट्रो कारशेडच्या वादामुळे २०२० साली ती बातम्यांत आली. पण तिचा इतिहास त्याहून पुष्कळ जुना आहे. मिठागराचे तंत्र साधे : भरतीचे खारे पाणी उथळ कप्प्यांत घ्यायचे, ऊन आणि वारा यांनी ते आटू द्यायचे, मागे मीठ उरते. मानवी शरीर उन्हात नेमके हेच करते. घाम त्वचेवर येतो, आटतो, आटताना उष्णता घेऊन जातो, आणि सदऱ्यावर मिठाचे पांढरे डाग उरतात. एक लिटर घाम आटला, तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता शरीराबाहेर जाते.

३/ मात्र मिठागराला मोकळे आकाश आणि खाडीचा वारा मिळतो. गच्च भरलेल्या मैदानात वारा अडतो. त्यातच मुंबईची हवा दमट. अशा हवेत घाम आटत नाही, नुसता ओघळतो. आणि ओघळलेला घाम शरीर थंड करीत नाही, केवळ पाणी व मीठ खर्ची घालतो. म्हणूनच भारतीय हवामान विभाग उष्णतेच्या लाटेचा विचार करताना मैदानी प्रदेशासाठी ४० अंश सेल्सियस, तर किनारपट्टीसाठी ३७ अंश सेल्सियस हा उंबरठा धरतो. विदर्भात ज्या आकड्याला कोणी दचकत नाही, तो आकडा कोकणात धोक्याचा ठरतो.

४/ आता ऑलिंपियाकडे वळू. प्राचीन ऑलिंपिक स्पर्धा ऐन उन्हाळ्यात भरत. दूरदूरहून आलेले हजारो लोक मातीच्या उतारावर बसत. डोक्यावर छप्पर नसे, पाण्याची नेहमी टंचाई, माश्यांचा सुळसुळाट. माश्या पळवून लावणाऱ्या झ्यूसला तेथे बळी देत. ईलियन या लेखकाने खिओस बेटावरच्या एका मालकाची गोष्ट सांगितली आहे. तो आपल्या गुलामावर संतापला आणि म्हणाला की, तुला जात्याला जुंपणार नाही, ऑलिंपियाला नेणार आहे. उन्हात भाजत स्पर्धा पाहणे ही दळण दळण्यापेक्षा मोठी शिक्षा, हा त्यातला विनोद. ग्रीकांना तो समजावून सांगावा लागत नव्हता.

५/ ऑलिंपियाचा पाणीप्रश्न सुटला तो स्पर्धा सुरू झाल्यानंतर सुमारे नऊशे वर्षांनी. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या मध्यास हेरोडीज ॲटिकस या धनिकाने आणि त्याची पत्नी रेजिला हिने तेथे नळाने पाणी आणून भव्य कारंजे बांधले. कोणीही आशीर्वादच द्यावेत असे हे काम. पण पेरेग्रिनस नावाच्या एका तत्त्वज्ञाने भर स्पर्धेत त्याचा निषेध केला. पाणी आणून या माणसाने ग्रीकांना नाजूक करून टाकले, असा त्याचा आरोप. प्रेक्षकांनी तहान सोसली पाहिजे, त्यात काही जण आजाराने मेले तरी हरकत नाही, असे त्याचे म्हणणे. ल्यूशियन हा समकालीन लेखक पुढे खोचकपणे नोंदवतो की, हे सांगताना पेरेग्रिनस तेच पाणी पीत होता.

६/ प्रेक्षकाच्या तब्येतीच्या इतिहासात हे दोन आवाज पुनःपुन्हा ऐकू येतात. एक म्हणतो, सोसा. दुसरा म्हणतो, सोय करा. पहिला आवाज ऊन-तहानेला चारित्र्याची परीक्षा मानतो. दुसरा तिला व्यवस्थेचा प्रश्न मानतो : खेळ किती वाजता, सावली कुठे, पाणी किती अंतरावर. शरीरशास्त्राचा कौल दुसऱ्या बाजूला आहे, कारण निर्धाराने घामाचे बाष्पीभवन वाढत नाही.

७/ रोमने सावलीचे राजकारण केले. इसवी सन ८० मध्ये खुल्या झालेल्या कलोसियमवर कापडी छत ताणण्यासाठी मिसेनमच्या आरमारातील खलाशी नेमलेले असत. शिडे हाताळणाऱ्यांचेच ते काम. पॉम्पेईच्या भिंतींवर रंगवलेल्या खेळांच्या जाहिरातींत छताची सोय असल्याचे आवर्जून लिहिलेले सापडते. म्हणजे सावली हे प्रेक्षकांना खेचणारे आकर्षण होते. याच्या उलट कथा कॅलिग्युला या सम्राटाची. सुएटोनियस लिहितो की, ऊन अगदी कडक झाले म्हणजे तो छत काढून घ्यायला लावी आणि कोणालाही बाहेर जाण्यास मनाई करी. सावली नाही आणि बाहेर पडण्याची मुभाही नाही, ही जोडी लक्षात ठेवण्यासारखी आहे. पुढे ती पुन्हा भेटेल.

८/ रोमहून थेट कोल्हापूरला येता येते, आणि दुवा आहेत राजर्षी शाहू महाराज. सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी १९०२ साली ते युरोपात गेले आणि त्या प्रवासात त्यांनी रोमचे प्राचीन क्रीडागार पाहिले. परतल्यावर कोल्हापुरात खासबाग मैदान उभे राहिले. १९१२ साली ते पूर्ण झाले. मध्ये तांबड्या मातीचा हौद आणि भोवती वर चढत जाणारी गोलाकार बैठक, अशी रचना. त्यामुळे शेवटच्या रांगेतल्या माणसालाही डाव दिसतो. रोमची वाटीसारखी बैठक कोल्हापुरात आली, कापडी छत मात्र आले नाही.

९/ छताची उणीव भरून काढली ती वेळापत्रकाने. पश्चिम महाराष्ट्रातील गावोगावच्या जत्रा चैत्र-वैशाखात, पिके निघाल्यावर भरतात आणि जत्रेला कुस्तीचा फड हवाच. हा फड साधारणपणे दुपार कलल्यावर, तीन-चारच्या पुढे रंगतो. आधी पोरांच्या रेवड्यांच्या नि नारळाच्या कुस्त्या, मग चढत्या इनामाच्या, आणि पहिल्या नंबरची कुस्ती दिवस मावळताना. जसे ऊन उतरते तशी गर्दी वाढते. या क्रमामागे कोणी वैद्य नव्हता, अनुभव होता. त्यातला दोषही नाकारता येत नाही : सर्वांत तापलेली वेळ सर्वांत लहान मल्लांच्या वाट्याला येते.

१०/ पाण्यासाठी परंपरेत वेगळी योजना होती. गुढीपाडव्यापासून उन्हाळाभर पाणपोई घालणे हे पुण्यकर्म मानले जाई. पंचांगात त्याला ‘प्रपादान’ म्हणतात. वाटसरूला पाणी पाजणे हा धर्म, आणि त्याची मुदत नेमकी उन्हाळ्याची. घराघरांत त्याच महिन्यात चैत्रगौरीचे हळदीकुंकू होते आणि आलेल्या प्रत्येकीच्या हातात कैरीचे पन्हे दिले जाते. पाणी, गूळ आणि चिमूटभर मीठ. घामाने गेलेले बरेचसे त्यातून परत मिळते. कोकणातले कोकम सरबत आणि देशावरचे मीठ-जिरे घातलेले ताक ही त्याचीच भावंडे.

११/ पण पाणी मिळणे पुरेसे नव्हते; ते स्वच्छ असणेही आवश्यक होते. एकोणिसाव्या शतकातील जत्रा-यात्रांवर पटकीची सावली सदैव असे. एकाच विहिरीवर वा नदीकाठी हजारो परगावचे लोक जमले की साथ फुटे आणि परतणाऱ्यांबरोबर गावोगाव पसरे. लंडनमध्ये जॉन स्नो याने १८५४ साली पटकीचा संबंध पाण्याच्या पंपाशी जोडून दाखवला. रॉबर्ट कॉख याने १८८४ साली कलकत्त्यात तिच्या जंतूचे संशोधन केले. मुंबईला नळाचे पाणी मिळू लागले ते १८६० साली, विहार तलावातून. कांजूरमार्गहून पश्चिमेकडे पवई ओलांडली की हा तलाव लागतो. त्यानंतर शहरात दानशूरांच्या दगडी पाणपोया उभ्या राहिल्या. भात बाजारातील केशवजी नाईक यांचे १८७६ सालचे कारंजे आजही उभे आहे. प्रपादानाचे जुने पुण्य आणि नळाचे नवे पाणी यांची तेथे गाठ पडली.

१२/ इंग्रजांचे उन्हाविषयीचे ज्ञान मात्र बराच काळ डोक्यावरच अडकून होते. सूर्यकिरण थेट कवटीतून मेंदूवर आघात करतात, अशी त्यांची समजूत. म्हणून शोल्याच्या भेंडाची सोला टोपी, म्हणून पाठीच्या कण्यावर जाड पट्ट्या. या समजुतीला तडा दिला तो जे. एस. हॉल्डेन या शास्त्रज्ञाने. कॉर्नवॉलच्या खाणींत, जेथे सूर्यकिरणांचा प्रश्नच नव्हता, त्याने माणसांवर उष्णतेचा परिणाम तपासला. १९०५ साली त्याने मांडले की, शरीराची सहनशक्ती साध्या तापमापकावर नव्हे, तर ओल्या फडक्याने गुंडाळलेल्या तापमापकाच्या आकड्यावर ठरते. कारण तो आकडा बाष्पीभवनाला किती वाव आहे हे सांगतो. थोडक्यात, टोपी उपयोगी आहे. पण दमट हवेत टोपी घातलेला माणूसही कोसळतो.

१३/ हा धडा व्यवहारात आला तो अमेरिकेच्या लष्करात. प्रशिक्षणात तरुण जवान उष्माघाताने मरू लागले, तेव्हा १९५०च्या दशकात तापमान, आर्द्रता, ऊन आणि वारा या चारांचा एकत्र हिशेब करणारा निर्देशांक तयार झाला. त्याच्या आकड्यानुसार कवायत कमी करायची की थांबवायची, हे ठरू लागले. जवान धडधाकट होते, शिस्तीचे होते, सोसायला शिकलेले होते. तरीही लष्कराने ‘सोसा’ हा आवाज बाजूला ठेवून ‘सोय करा’ हा आवाज ऐकला. आज खेळाडूंच्या उष्णता-नियमांसाठी अनेक क्रीडासंस्था हाच निर्देशांक वापरतात.

१४/ आता मुंबईचे क्रिकेट. भारतातला पहिला कसोटी सामना १९३३ साली बॉम्बे जिमखान्यावर झाला, तो १५ डिसेंबरला सुरू झाला. मोठ्या सामन्यांचा हंगाम हिवाळ्याचा, आणि १९४८ साली सुरू झालेली कांगा लीग थेट पावसाळ्याची. एप्रिल-मे हे प्रामुख्याने सुट्टीतल्या गल्लीक्रिकेटचे महिने; त्यात खेळणाऱ्याच्या आईची हाक दुपारी बारा वाजता खेळ थांबवत असे. १८ एप्रिल २००८ रोजी आयपीएल सुरू झाली आणि उन्हाळा हाच सर्वांत मोठ्या गर्दीचा हंगाम बनला. बहुतेक सामने संध्याकाळचे. पण दोन सामन्यांच्या दिवशी पहिला सामना आता दुपारी साडेतीनला सुरू होतो.

१५/ साडेतीन ही खेळाडूंची वेळ झाली. प्रेक्षकाची वेळ निराळी असते. कांजूरमार्गला जलद लोकल थांबत नाही. धीम्या गाडीने दादर, तेथून पश्चिम रेल्वेने चर्चगेट, मग पायी वानखेडे, प्रवेशद्वाराची रांग, तपासणी. घरून निघणे बाराच्या आसपासचे आणि सामना संपतो सातच्या पुढे. खेळ साडेतीन-चार तासांचा, उष्णता सात तासांची. पाण्याची बाटली प्रवेशद्वारावरच काढून घेतली जाते. वानखेडेच्या नव्या रचनेत प्रेक्षकांवर मोठे छत आले हे खरे. पण छत आत गेल्यावर मिळते, आणि रांग उन्हातच असते. परगावाहून आलेल्याची स्थिती याहून अवघड. दमट उष्म्याची सवय व्हायला शरीराला एक ते दोन आठवडे लागतात. पाहुण्याकडे एकच दिवस असतो.

१६/ ७ नोव्हेंबर २०२३ रोजी याच मैदानावर ग्लेन मॅक्सवेलने अफगाणिस्तानविरुद्ध नाबाद २०१ धावा काढल्या. पायात पेटके येऊन तो कोसळला, उठला, पुन्हा खेळला. ते दृश्य शौर्याचे प्रतीक बनले. पण त्याच्यापाशी धावत येणारा फिजिओ होता, क्षार मिसळलेले पाणी होते आणि त्याच्या प्रत्येक हालचालीवर कॅमेरे रोखलेले होते. गॅलरीतल्या विसाव्या रांगेत पेटका आलेल्या माणसाकडे कॅमेरा वळत नाही. मैदानावरचे सोसणे पाहून प्रेक्षकाने आपल्याही सोसण्याचे माप ठरवू नये.

१७/ गर्दीची उष्णता काय करू शकते, हे महाराष्ट्राने १६ एप्रिल २०२३ रोजी पाहिले. खारघरच्या मोकळ्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा होता. तो क्रीडासोहळा नव्हता. पण उघडे मैदान, परगावाहून आलेले लाखो लोक, तासन्‌तासांची बैठक आणि दुपारचे ऊन हे सारे तेच होते. तापमान ३८ अंशांच्या आसपास होते. उष्माघाताने १४ जण दगावले. व्यासपीठावर छप्पर होते, श्रोत्यांच्या डोक्यावर नव्हते; आणि अशा दाटीतून मध्येच उठून बाहेर पडणे सोपे नसते. कॅलिग्युलाच्या क्रौर्याचा येथे लवलेशही नव्हता, उलट भक्तिभाव होता. शरीराने मात्र हेतूतला फरक ओळखला नाही. त्यानंतर काही दिवसांतच उन्हाळ्यात दुपारी १२ ते ५ या वेळेत उघड्यावर कार्यक्रम घेऊ नयेत, असा निर्णय राज्य सरकारने जाहीर केला. जत्रेच्या फडाला ठाऊक असलेली गोष्ट शासननिर्णयात यायला १४ जीव जावे लागले.

१८/ शेजारच्या अहमदाबादने हा धडा आधी घेतला होता. तेथे मे २०१० मध्ये पारा ४६.८ अंशांवर गेला आणि त्या महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू अधिक झाले. २०१३ साली त्या शहराने दक्षिण आशियातील पहिली उष्णता कृती योजना आखली : आगाऊ इशारे, पाण्याची केंद्रे, दवाखान्यांची तयारी. त्या योजनेचा पाया हाच की, उष्माघात हा टाळता येणारा मृत्यू आहे. तो नशिबाच्या खात्यावर टाकता येत नाही.

१९/ पाहुणा प्रेक्षक म्हणून उन्हाळी सामन्याला निघणाऱ्याने या इतिहासातून काय उचलावे?
• तापमानासोबत आर्द्रताही पाहावी; ३५ अंशांतही दमट हवा घातक ठरते.
• पाणी घरून निघण्यापूर्वीच प्यायला सुरुवात करावी. बराच घाम गेल्यावर नुसते पाणी पुरत नाही. ताक, कोकम सरबत किंवा ओआरएस घ्यावे.
• एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे घरगुती प्रमाण. मधुमेह किंवा रक्तदाब असणाऱ्यांनी आपल्या डॉक्टरांना आधी विचारावे.
• उघड्यावरचे बर्फाचे पाणी टाळावे. पटकीचा धडा जुना झालेला नाही.
• मद्य टाळावे. सुती, सैल कपडे घालावेत.
• बसल्याबरोबर बाहेर पडण्याची वाट आणि प्रथमोपचार केंद्र पाहून ठेवावे.

२०/ ओआरएस हे नाव साधे वाटते. त्यामागचा इतिहास नाही. १९७१ साली बनगाव येथील बांगलादेशी निर्वासितांच्या छावणीत पटकीची साथ आली आणि शिरेतून द्यायचे सलाइन संपले. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी पिंपांत भरून नातेवाइकांच्या हाती दिले. तेथील मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आले. चैत्रातल्या पन्ह्याचे आणि त्या पिंपाचे तत्त्व एकाच जातीचे.

२१/ शेजारी बसलेला माणूस बरळू लागला, तोल जाऊ लागला किंवा त्याची शुद्ध हरपू लागली, तर तो उष्माघात समजावा, घाम येत असला तरीही. त्याला सावलीत न्यावे, अंगावर पाणी ओतून वारा घालावा, मान, काखा आणि जांघांत ओली थंड फडकी ठेवावीत आणि १०८ला फोन करावा. बेशुद्धाच्या तोंडात पाणी ओतू नये. शरीर थंड करणे रुग्णवाहिका येण्याची वाट पाहत थांबवू नये. त्या मिनिटांवर जीव अवलंबून असतो.

२२/ पेरेग्रिनसचे पुढे काय झाले? पाण्याचा निषेध ऐकून ऑलिंपियाचे प्रेक्षक इतके खवळले की त्यांनी त्याच्यावर दगड उचलले. त्याने झ्यूसच्या वेदीचा आश्रय घेऊन जीव वाचवला. चार वर्षांनी तो पुढच्या स्पर्धेला पुन्हा आला आणि त्याने नवे भाषण केले. या वेळी विषय होता, पाणी आणणाऱ्याची स्तुती. तत्त्वज्ञाला पटायला चार वर्षे लागली. उन्हात बसलेल्या प्रेक्षकांना ते पहिल्याच दिवशी पटले होते.

(थ्रेड समाप्त)